तळ्याला पाचपैकी पाच

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं. कुठल्या जंगलात ते विचारू नका. आपल्या ओळखीच्या जंगलांतली तळी बुजून गेली, म्हणून मला या गोष्टीसाठी जरा लांबच्या जंगलात जावं लागलं.

त्या तळ्याचं नाव म्हसतळं. असं नाव का पडलं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. तळ्यात रोज भर दुपारी एक म्हैस बसलेली असायची, पण तिचा आणि नावाचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या जंगलात हुशार प्राणी फार होते. हुशारांना समोरची गोष्ट जरा उशिरा दिसते.

म्हशीचं नाव चिंधाबाई. पूर्वी तिथं म्हशींचा मोठा कळप होता. कुणी म्हातारपणानं गेलं, कुणी दुसऱ्या रानात गेलं. रानडुकरं होती, तीही शेतांच्या कडेला राहायला गेली. तिथं जेवणाची सोय चांगली होती. आता तळ्यात लोळणारं असं चिंधाबाई हे एकच जनावर उरलं होतं.

ऊन डोक्यावर आलं की ती तळ्यात उतरायची. आधी पुढचे पाय, मग मागचे, मग धपकन सगळी. तासभर या कुशीवरून त्या कुशीवर. वर दिसायच्या फक्त नाकपुड्या आणि शिंगं. उठायची तेव्हा पाठीवर, पोटावर, शेपटीवर चिखलाचा जाड थर असायचा. तो घेऊन ती काठ चढायची, शंभर पावलं चालत धावड्याच्या झाडापाशी जायची, थोडा वेळ उभी राहायची, आणि वाळलेला चिखल खोडाला घासून तिथंच पाडायची. मग चरायला मोकळी.

हे ती हौसेनं करत होती असं समजू नका. म्हशीला घाम फारसा येत नाही आणि अंगावर केसही नावालाच. चिखल नसला तर ऊन कातडी भाजून काढतं आणि गोमाशा जीव नकोसा करतात. तुम्हाला जसं अंथरुणात पांघरूण लागतं, तसा तिला दुपारी चिखल लागायचा.

धावड्याभोवती एक ऐसपैस टेकाड होतं. मऊ मातीचं, बसायला छान. तिथून सगळं तळं एका नजरेत दिसायचं, म्हणून जंगलाच्या सभा तिथंच भरत. टेकाडाच्या पोटात साळोजी नावाच्या साळिंदराचं बीळ होतं. साळोजी सभेचा चिटणीस. कारण असं की लेखण्या त्याच्या पाठीवरच उगवायच्या. एक बोथट झाली की तो दुसरी उपटायचा. खरं तर साळिंदर रात्रीचा प्राणी, पण कामकाज दिवसा चालतं म्हणून बिचारा दिवसा जागायचा आणि रात्री नोंदी लिहायचा.

एका उन्हाळ्यात एक बगळा बातमी घेऊन आला. पलीकडच्या जंगलातलं तळं आटलं. पार कोरडं. मासे उघड्यावर पडले.

लगेच टेकाडावर सभा भरली. अध्यक्षस्थानी दादासाहेब रोही. रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी दादासाहेब चांगले दाढीवाले नर होते आणि त्यांचा आवाज खणखणीत होता.

"बंधुभगिनींनो," दादासाहेब म्हणाले, "आपल्या तळ्यावर अशी वेळ येता कामा नये. तेव्हा सर्वप्रथम आपलं तळ्यावर किती प्रेम आहे, ते शोधून काढलं पाहिजे."

"आणि मग?" एका बेडकानं विचारलं.

"मग अहवाल," दादासाहेब म्हणाले.

सगळ्यांना हायसं वाटलं. काहीतरी होत होतं.

साळोजीनं रात्रभर बसून तीन प्रश्न तयार केले. पहिला, तळं तुम्हाला किती मोलाचं वाटतं? एक ते पाच यांतला एक आकडा सांगा. दुसरा, तळ्यासाठी तुम्ही काय करता? तिसरा, तळ्याचं भवितव्य तुम्हाला कसं दिसतं? प्रश्न चांगले होते. साळोजी प्रामाणिक होता, आणि गोष्टीत पुढं जे झालं त्यात त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवतो.

मोर म्हणाला, "पाच. तळं नसतं तर मी कसा दिसतो ते मला कळलंच नसतं."

"तळ्यासाठी काय करता?"

"काठावर उभा राहतो. शोभा येते."

माकड म्हणालं, "सहा चालतील का हो?"

"पाचच्या वर नाही."

"मग पाच लिहा, पण जरा ठळक लिहा. आणि करतो काय म्हणाल तर लक्ष ठेवतो. झाडावरून."

बेडूक म्हणाला, "पाच! तळं म्हणजे आमचं माहेर. भवितव्य? भवितव्य उज्ज्वल आहे. माझी यंदाची नऊशे पोरं आहेत. ती बघतील की सगळं."

टिटवी पाच म्हणाली, ससा पाच म्हणाला, मुंगसानं तर डोळे पुसत पाच सांगितले. भवितव्य सगळ्यांना उज्ज्वल दिसत होतं. ते कोण घडवणार असं विचारलं की जो तो शेजारच्या झाडाकडे बोट दाखवायचा.

शेवटी साळोजी भर दुपारी तळ्याकाठी आला. चिंधाबाई पाण्यात होती.

"चिंधाबाई, तळं तुम्हाला किती मोलाचं वाटतं? एक ते पाच."

"मंजे कसं बाप्पा?"

"म्हणजे तळ्यावर तुमचं प्रेम किती, ते आकड्यात सांगायचं."

चिंधाबाईनं बराच विचार केला. नाकपुड्यांतून दोन बुडबुडे सोडले. "मी तं त्याच्यात बसून हावो. आतून कसं मोजू? तुमीच पाहा ना काठावरून."

साळोजीनं आकड्याची जागा कोरी ठेवली.

"बरं. तळ्यासाठी तुम्ही काय करता?"

"लोळते."

"आणखी?"

"आनखी काय? रोज लोळते."

"आणि तळ्याचं भवितव्य?"

"उद्या दुपारी बी येईन मी. तुमाले काई राह्यलं असंल तं तवा इचारा."

तिनं जसं सांगितलं तसं साळोजीनं लिहून घेतलं. 'आकडा नाही. लोळते. उद्याही येणार.'

अहवाल तयार झाला. सबंध जंगलानं तळ्याला पाचपैकी पाच दिले होते. फक्त एका रहिवाशानं आकडा दिला नव्हता. मग दादासाहेबांनी घसा साफ केला.

"म्हणजे ज्या एका व्यक्तीला तळ्याची किंमत सांगता आली नाही, तीच व्यक्ती रोज तळ्यात उतरून पाणी गढूळ करते. आणि उद्याही येणार म्हणते. साळोजी, हे तुम्हीच लिहिलं आहे ना?"

"मी लिहिलं आहे," साळोजी म्हणाला. "पण मी गढूळ हा शब्द..."

"शब्द आम्ही घातला. अर्थ तुमचाच आहे."

ठराव एकमतानं झाला. तळ्याचं नाव आजपासून नीलसरोवर. पाणी काठावरून, मान लांब करून प्यावं. आत कुणीही पाय घालू नये. बेडकाला सूट मिळाली, कारण बेडूक सभेच्या समितीवर होता.

चिंधाबाई धावड्याखाली उभी राहून सगळं ऐकत होती. अंगावरचा चिखल अजून ओला होता.

"मंग मी दुपारची कुठं जाऊ?" तिनं विचारलं.

दादासाहेब तिच्याकडे दोन पावलं पुढं आले. मोठ्या आदबीनं म्हणाले, "चिंधाबाई, हे कुणा एकाच्या विरुद्ध नाही. हे तळ्यासाठी आहे. तळ्याचं भलं व्हावं असं तुम्हाला वाटत नाही का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? चिंधाबाई साधी बाई. ती म्हणाली, "तळ्याचं भलं होत असंल तं ऱ्हायते बापा बाहेर."

आणि राहिली. मला तिचा रागच येतो कधी कधी. चारदा शिंगं मारायची होती. पण तिचा स्वभाव तो.

पहिल्या महिन्यात तर कमालच झाली. पाणी असं निवळलं की तळाचे खडे मोजता यावेत. मोराला आपल्या पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा वेगळा दिसू लागला. लांबलांबचे पक्षी तळं बघायला येऊ लागले. माकड त्यांना माहिती सांगायचं आणि मधूनमधून "आम्ही किती सोसलं आहे" असंही म्हणायचं.

सोसत होती चिंधाबाई. ती धावड्याच्या तोकड्या सावलीत उभी असायची आणि सावली सरकेल तशी सरकायची. पाठीची कातडी आधी पांढुरकी झाली, मग तिला भेगा पडल्या. भेगांवर गोमाशा बसायच्या. शेपटी पोचायची तिथल्या उडायच्या, बाकीच्या आपल्या जागी बसून राहायच्या. समोर शंभर पावलांवर तळं होतं. ती तिकडे पाठ करून उभी राहायला शिकली.

"दुसऱ्या रानात का जात नाही?" साळोजीनं एकदा विचारलं. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"माय इथंच लोळली. मायची माय बी इथंच. मी कायले जाऊ?"

पावसाळा आला. तुम्हाला ठाऊकच आहे, पाऊस नुसतं पाणी आणत नाही. डोंगरावरची माती, पालापाचोळा, जे वाटेत सापडेल ते तो घेऊन येतो आणि तळ्यात टाकून निघून जातो. तसं त्यानं याही वर्षी केलं. पुढच्या वर्षीही केलं. त्याच्या पुढच्याही.

तळ वर येऊ लागला. पाणी पसरट झालं, मग गुडघाभर, मग खुरभर. काठावरून बेशरमाची झुडपं आत शिरली. त्यांना ठराव वाचता येत नव्हता. आणि उरलेलं पाणीही धड टिकेना. दिवाळीला असलेलं पाणी होळीपर्यंत कुठंतरी जायचं. बेडकाला पहिल्यांदा शंका आली. नऊशेपैकी त्याची सात पोरं उरली होती आणि ती कुठलं भवितव्य घडवायच्या मनःस्थितीत नव्हती.

सभेनं तातडीनं दुसरी पाहणी केली. निकाल फारच उत्साहवर्धक होता. पुन्हा पाचपैकी पाच. आकडा तोच असला तरी या वेळी देताना लोक रडत होते, अशी साळोजीनं टीप दिली. दादासाहेब म्हणाले, "पाणी कमी झालं असेल, पण आस्था वाढली आहे. हे लक्षण चांगलं आहे." टाळ्या झाल्या.

त्या उन्हाळ्यात उकाडा असा होता की साळोजीला बिळात राहवेना. गारव्यासाठी त्यानं बीळ खोल न्यायला घेतलं. टेकाडाच्या पोटात उकरता उकरता त्याच्या नखांना काहीतरी लागलं. शंख होता. गोगलगायीचा, पण रानातल्या नव्हे, पाण्यातल्या. त्याच्या खाली शिंपला. त्याच्या खाली माशाचा काटा. मग मातीचा एक थर, मग पुन्हा शंख. तो उकरत गेला आणि शंख निघत गेले.

साळोजी शंखांचा ढीग समोर घेऊन बसला. टेकाडावर पाण्यातले शंख आले कसे? त्याच्या डोक्यावर, धावड्याच्या बुडाशी, कुणीतरी खोडाला पाठ घासत होतं. खरखर, खरखर. चिखल नव्हता, तरी सवय सुटली नव्हती.

तो धडपडत बाहेर आला.

"चिंधाबाई, हे टेकाड कुणी केलं?"

"टेकाड कोन करते बाप्पा? मायनं पाठ घासली, तिच्या मायनं घासली, साऱ्या कळपानं घासली. डुकरायनं बी घासली. झालं टेकाड."

"तळ्यातला चिखल इथं?"

"मंग कुठं? माय म्हने, पानी पिऊन जाशील तं चिखल घेऊन जाय. तळ्यातून रिकाम्या पाठीनं निंगाचं नाई. आनि धावड्याच्या अंगाले पाडाचा, म्हंजे पान्यासंगं वापस नाई येत. आमच्यात रीतच हाय तशी."

"आणि पाणी टिकत नाही आता, ते का?"

"बुड कोन चोपते? आंगन चोपते तसं तळ्याचं बुड खुरानं चोपावं लागते. नाई तं पानी खाली जाते."

साळोजीच्या पाठीवरच्या सगळ्या लेखण्या ताठ उभ्या राहिल्या. "अहो, मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

चिंधाबाईनं नवलानं त्याच्याकडे पाहिलं. "सांगतलं ना. तुमी इचारलं तळ्यासाठी काय करता. मी म्हनलं लोळते. तुमी लिवलं बी."

साळोजीला आठवलं. त्यानं लिहिलं होतं. अक्षर सुद्धा चांगलं होतं. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या अक्षराची लाज वाटली.

संध्याकाळी त्यानं सभा बोलावली आणि शंखांचा ढीग सगळ्यांपुढं ओतला. म्हणाला, "आपण बसलो आहोत ते तळ्यावर. हे टेकाड जेवढं उंच आहे, तेवढं आपलं तळं खोल होतं. ते खोल ठेवायचं काम एकजण करत होती. तिला आपण बाहेर काढलं. तिला उद्या दुपारी आत जाऊ द्या. आणि तिच्याबरोबर आपणही जाऊ. प्रत्येकानं एक पाठभर चिखल आणायचा. एवढंच आहे."

सभा हेलावली. खोटं कशाला बोलू, खरंच हेलावली. टिटवीला हुंदका आवरेना. माकडानं एक शंख उचलून छातीशी धरला. दादासाहेब उठले तेव्हा त्यांचा खणखणीत आवाज भरून आला होता.

त्यांनी तीन ठराव मांडले. हे टेकाड म्हणजे जंगलाचा वारसा असल्यानं त्यावरची माती कुणी हलवू नये, आणि नवी टाकूही नये. चिंधाबाईंना 'सरोवरमाता' ही पदवी द्यावी. आणि दर वर्षी या दिवशी तळ्याच्या काठी सगळ्यांनी उभं राहून तळ्याचं स्मरण करावं.

चिंधाबाईच्या गळ्यात पळसाच्या फुलांची माळ पडली. भेगाळलेल्या मानेला देठ टोचत होते. टाळ्या थांबल्यावर तिनं हळूच विचारलं, "मंग मी जाऊ का आता आत?"

दादासाहेबांना हसू आलं. "आता? माते, आता आपण चिखलात लोळणं शोभेल का? लोक काय म्हणतील? आणि खरं सांगायचं तर, आत जायला आता पाणी तरी कुठं आहे?"

ते मात्र खरं होतं. तळ्यात पाणी नव्हतं. चिरफळलेली माती होती आणि बेशरमाला जांभळी फुलं आली होती.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं. चिंधाबाई धावड्याखालून निघाली. शंभर पावलं चालली, काठ उतरली. आधी पुढचे पाय, मग मागचे. मग धपकन सगळी. कोरडी ढेकळं कडाकडा फुटली आणि धुळीचा लोट उठला. ती या कुशीवरून त्या कुशीवर झाली. भेगांत माती गेली, तेव्हा तिच्या तोंडून एक हुंकार निघाला. दुःखाचा की सुखाचा, ते मला सांगता येणार नाही.

टेकाडावरून सगळे बघत होते.

मग तिच्या बाजूला आणखी एक छोटा लोट उठला. साळोजी होता तो. त्यानं लेखणी टाकून दिली होती आणि तो चारही पाय वर करून लोळायचा प्रयत्न करत होता. साळिंदराला लोळायची सवय कुठली? पण उठला तेव्हा त्याच्या एकेका काट्यावर एकेक ढेकूळ रुतलेलं होतं.

"बरं जमलं बाप्पा तुमाले," चिंधाबाई म्हणाली. "चला. रिकाम्या पाठीनं जाचं नाई."

टेकाडावर आता माती टाकायला बंदी होती. म्हणून दोघं पलीकडच्या मोहाच्या झाडापाशी गेली, तिथं त्यांनी पाठ घासली. मूठभर माती पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठभर. साळोजीनं बेशरमाची दोन झुडपंही मुळापासून उकरली. पाऊस यायला अजून सव्वा महिना होता.

इकडे टेकाडावर तिसरी पाहणी झाली. चिटणीस जागेवर नसल्यामुळे या वेळी माकडानं लिहून घेतलं. अहवाल अगदी थोडक्यात होता. तो मी जसाच्या तसा सांगतो.

'तळ्याला सर्वांनी पाचपैकी पाच दिले. दोघांनी आकडा दिला नाही. ते तळ्यात होते.'

तात्पर्य: मुलांनो, तळ्यावर प्रेम करायचं असेल तर ते काठावर उभं राहून करावं. आत उतरलं की पाठ मातीनं भरते, आणि आकडा सांगायचा राहून जातो.